बैठकीत नेहमीचे तिघेच बोलतात: पद्धत बदलण्याआधी काय पाहावं

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. चाकणच्या एका डाय-कास्टिंगच्या, म्हणजे वितळलेला धातू डायमध्ये (साच्यात) भरून सुटे भाग बनवण्याच्या कारखान्यात तुम्ही प्रशिक्षण पाहता. महिन्यातून एकदा ऑपरेटर, सेटर, लाइन लीडर आणि सुपरवायझर मिळून पंचवीसेक जणांची दीड तासाची बैठक असते. एकमेकांकडून शिकावं, सुधारणा सुचवाव्यात हा तिचा हेतू. प्लांट हेड आधी बोलतात, मग ‘काही सूचना?’ असं विचारतात, आणि सगळे खाली बघतात. बोलतात ते नेहमीचे तिघे. म्हणून गेल्या वेळी तुम्ही ‘१-२-४-सर्व’ ही पद्धत वापरली: आधी एकट्यानं चिठ्ठीवर लिहायचं, मग जोडीनं, मग चौघांत, शेवटी सगळ्यांत बोलायचं. चिठ्ठ्या भरपूर आल्या, पण त्यांत निघालं काय, तर पाण्याचा कूलर बंद आहे, कॅन्टीनचा चहा पातळ असतो, लॉकरची कुलपं मोडली आहेत. रिजेक्शनबद्दल, म्हणजे बाद होणाऱ्या मालाबद्दल, एक अक्षर नाही. साहेब म्हणाले, ‘या लोकांना अजून तेवढी समज नाही.’ आता तुम्ही विचारताय, याहून चांगली पद्धत कोणती?

मी गटांच्या चर्चा चालवण्याचं काम करते. कारखान्यांत जास्त, थोडं रुग्णालयांत आणि सहकारी बँकांत. माझं उत्तर आधीच सांगून टाकते: पद्धत बदलू नका, ती चालली आहे. एरवी गप्प बसणाऱ्या वीस-बावीस जणांनी काहीतरी लिहिलं, हे त्या पद्धतीचंच यश. त्यांनी कूलर लिहिला म्हणून तुम्हाला आणि साहेबांना वाईट वाटलं असेल, पण मला त्यात समजेचा अभाव दिसत नाही. उलट फार शहाणपण दिसतं.

त्या ऑपरेटरच्या जागी बसून बघा. समजा त्याला माहीत आहे, की शिफ्ट सुरू होताना डाय पुरेशी तापायच्या आत निघालेले पहिले काही शॉट (नग) बाजूला न काढता चांगल्या मालात जातात, कारण तासाचा आकडा भरायचा असतो. हे तो चिठ्ठीवर लिहिणार म्हणजे सुपरवायझरचं नाव न घेता त्याच्याकडे बोट दाखवणार. सुपरवायझर त्याच खोलीत बसलेला आहे. उद्या ओव्हरटाइम कोणाला द्यायचा, रविवारची सुट्टी कोणाला, हे तोच ठरवतो. अशा वेळी कोणीही आधी हलकी गोष्ट पुढे करून बघतो. कूलर ही कोणाचं नाव न येणारी, कोणाला न दुखावणारी, दुरुस्त झाली की नाही ते सगळ्यांना दिसेल अशी तक्रार आहे. त्या चिठ्ठ्यांचं पुढे काय होतं, हे लोक आता बघताहेत. म्हणून माझा तुम्हाला पहिला प्रश्न: कूलर दुरुस्त झाला का? झाला नसेल, तर पुढच्या बैठकीआधी करून घ्या, आणि कोणाच्या चिठ्ठीवरून झालं असं न म्हणता ‘गेल्या बैठकीत आलं होतं, झालं’ एवढं फलकावर लावा. लॉकरसाठी पैसे मंजूर व्हायचे असतील तर तसं लिहा. चहाचं कंत्राट मार्चपर्यंत बदलता येणार नसेल तर तेही लिहा. कारण देऊन सांगितलेला नकार लोक पचवतात. चिठ्ठी गेली आणि उत्तरच आलं नाही, की पुढच्या वेळी कोरी चिठ्ठी येते.

आता कशाकशावर अवलंबून आहे ते बोलू, कारण तुमच्या कारखान्यातली सगळी परिस्थिती मला माहीत नाही.

तुमच्याकडे संघटना आहे का, हे पहिलं. वेतन, कायम होणं, ओव्हरटाइमचे दर हे विषय चिठ्ठ्या-गटांच्या खेळात आणू नका. त्यासाठी संघटना आहे, वाटाघाटी आहेत. १०० किंवा अधिक कामगार असलेल्या ठिकाणी शासन दोन्ही बाजूंच्या प्रतिनिधींची, आणि कामगारांचे प्रतिनिधी मालकाच्या प्रतिनिधींपेक्षा कमी नसतील अशी, समिती नेमायला लावू शकेल, अशी तरतूद १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यातच होती. तुमची बैठक त्या जागेवर अतिक्रमण करते आहे असं संघटनेला वाटलं, तर ते बरोबरच विरोध करतील. आधी जाऊन भेटा आणि बैठकीत काय बोललं जाणार नाही ते त्यांच्याबरोबर ठरवा.

दुसरं, पंचवीसपैकी कंत्राटी किती? ज्याचं कंत्राट सहा महिन्यांनी संपणार आहे, त्याच्याकडून तुम्ही कायम कामगाराइतक्या मोकळेपणाची अपेक्षा करू शकत नाही. तिसरं, बैठकीची वेळ पगारी आहे का? शिफ्ट संपल्यावर बस सुटायच्या घाईत बसवलेल्या माणसांवर कोणतीही पद्धत चालत नाही. आणि चौथं, सगळ्यात महत्त्वाचं: विचारलेला प्रश्न खरोखर खुला आहे का? निर्णय वरून आधीच झालेला असेल तर लोकांना गटांत बसवून मत विचारू नका. सरळ सांगा की हे ठरलं आहे, आता ते नीट कसं राबवायचं यावर बोलू. लोकांना हा फरक लगेच कळतो.

मुळात एकट्यानं लिहिण्यापासून सुरुवात का करायची, ते नीट समजून घ्या. ते समजलं की साहेबांनाही समजावता येईल. सगळ्यांनी एकत्र बसून मोकळेपणानं कल्पना मांडायच्या ही रीत अमेरिकेतल्या जाहिरात व्यवसायातल्या अ‍ॅलेक्स ऑस्बर्न यांनी लोकप्रिय केली. पण १९५८ साली येल विद्यापीठातल्या टेलर, बेरी आणि ब्लॉक या संशोधकांनी तुलना करून बघितली. एकत्र बसून बोलणाऱ्या चौघांच्या गटापेक्षा, वेगवेगळं बसून लिहिणाऱ्या चौघांच्या कल्पना एकत्र केल्या तर त्या जास्त भरल्या. १९८७ साली डील आणि श्ट्रोबे यांनी त्याचं एक मुख्य कारण दाखवलं: एक बोलत असताना बाकीच्यांना थांबावं लागतं, आणि थांबता थांबता स्वतःचं म्हणणं विरून जातं. दुसरं कारण दडपणाचं. सॉलोमन अ‍ॅश यांचे १९५० च्या दशकातले प्रयोग प्रसिद्ध आहेत. रेघांची लांबी ओळखण्यासारख्या सोप्या कामातही, आधीच्या सगळ्यांनी चूक उत्तर दिलं की बरेच जण त्यांच्या मागे जात. पण एक जरी सोबती बरोबर उत्तर देणारा मिळाला, तरी हे मागे जाणं एकदम कमी होई. उत्तर मोठ्यानं न सांगता लिहायचं असलं तरीही कमी होई.

‘१-२-४-सर्व’मध्ये या दोन्ही गोष्टी आहेत. हेन्री लिपमानोविच आणि कीथ मॅककँडलेस यांनी गटांसाठी ज्या तेहतीस रचना मांडल्या, त्यांतली ही सगळ्यात साधी. एक मिनिट एकट्यानं विचार, दोन मिनिटं जोडीनं, चार मिनिटं चौघांत, मग पाच मिनिटं सगळ्यांत. पहिल्या मिनिटात स्वतःचं म्हणणं तयार होतं, दुसऱ्या टप्प्यात सोबती मिळतो. चौघांत गेल्यावर ते ‘माझं’ न राहता ‘आमचं’ होतं, आणि मोठ्या गटात कोणी एकटा उभा राहत नाही. माझा अनुभव असा, की आपल्याकडे शॉपफ्लोअरवर पहिला टप्पा एका मिनिटात होत नाही. तीन मिनिटं द्या. पेन हातात घेऊन बरेच दिवस झालेली माणसं असतात. कोणी मराठवाड्यातून आलेला, कोणी बिहार-ओडिशातून. ज्या भाषेत येतं त्या भाषेत लिहा, चित्र काढलं तरी चालेल, असं आधीच सांगा. जोडीतल्या एकानं दुसऱ्याचं लिहून घेतलं तरी चालतं.

आणि चिठ्ठीवर नाव नको म्हणून ‘कोणी लिहिलं ते कळणार नाही’ असं आश्वासन मात्र देऊ नका. पंचवीस जणांत अक्षर ओळखलं जातं. न पाळता येणारं आश्वासन मोडलं की पुढचं सगळं काम अवघड होतं. त्यापेक्षा चौघांच्या गटानं एकच कागद द्यायचा आणि तो गटाचा मानायचा, हे जास्त खरं आणि जास्त सुरक्षित.

आता माझ्या मते तुमच्या बैठकीत सगळ्यात जास्त बदलायला हवा असा भाग: प्रश्न. ‘काही सूचना?’ या प्रश्नाला उत्तर नसतं. त्यात कामही नाही, काळही नाही, जागाही नाही. आणि सूचना द्यायची म्हणजे साहेबांना शहाणपण शिकवायचं, असा त्याचा अर्थ लागतो. ‘रिजेक्शन कमी करण्यासाठी काय करावं?’ हाही फारसा बरा नाही. त्याची पाठ केलेली उत्तरं सगळ्यांकडे असतात: ‘लक्ष देऊन काम करावं’, ‘ट्रेनिंग द्यावं’. मी प्रश्न असे ठेवते: ‘गेल्या आठवड्यात तुम्हाला कोणतं काम दोनदा करावं लागलं?’ ‘शिफ्ट ताब्यात घेताना पहिल्या अर्ध्या तासात काय शोधावं लागतं?’ ‘या मशीनवर नवा मुलगा आला तर पहिल्या दिवशी तो कुठे चुकेल?’ हा शेवटचा प्रश्न मला फार आवडतो. त्यात कोणावर आरोप होत नाही, आणि अनुभवी माणसाला बोलायला मान मिळतो. अमुक डाय अमुक कोपऱ्यात चिकटते, स्प्रे तिथे जास्त लागतो, एजेक्टर पिनचा आवाज बदलला की थांबायचं, हे सगळं बाहेर येतं. जे तुमच्या कार्यपद्धतीच्या कागदांत कुठेच लिहिलेलं नसतं.

एक उलटा प्रश्नही आहे, तो मी थोडा सरावलेल्या गटाला देते: ‘या लाइनवर जास्तीत जास्त माल बाद व्हावा असं ठरवलं, तर आपण काय काय करू?’ माणसं हसत हसत यादी करतात. मग विचारायचं, ‘यांतलं आज आपण काय करतो?’ हशा थांबतो आणि डाय गार असतानाच माल काढण्याची गोष्ट आपोआप कागदावर येते, कारण ती आता तक्रार न राहता सगळ्यांनी मिळून केलेल्या यादीतली एक ओळ झालेली असते. सुपरवायझर आणि ऑपरेटर यांच्यात आधीच ताण असेल तर मात्र हा प्रश्न दोन-तीन बैठकांनंतरच घ्या.

उत्तरं फळ्यावर लिहिताना त्यांचे शब्द तसेच राहू द्या. ऑपरेटरनं ‘डाय गार असतानाच माल काढतात’ असं लिहिलं आणि फळ्यावर ‘प्रोसेस डिसिप्लिन’ असं उतरलं, की त्याचं म्हणणं पुसलं गेलं. प्रशिक्षण विभागातल्या लोकांची ही सवय मला फार ठिकाणी दिसते, आणि ती सुटायला हवी. अहवालातली भाषा अहवालात वापरा.

निवड करायची वेळ आली की फळ्यावरच्या महत्त्वाच्या वाटणाऱ्या मुद्द्यांपुढे ठिपके चिकटवायला देतात. त्यात पहिले तीन ठिपके जिथे पडतात तिथेच बाकीचे पडत जातात, म्हणून आधी प्रत्येकानं आपल्या कागदावर आपल्या दृष्टीनं महत्त्वाचे तीन लिहायचे आणि मगच उठून ठिपके लावायचे. डेलबेक आणि व्हॅन द व्हेन यांनी १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला मांडलेल्या गटपद्धतीत शांतपणे लिहिणं, एकेकानं एकेक मुद्दा सांगणं, खुलासा आणि मग खासगी क्रमवारी असा क्रम आहे. तो आजही मला सगळ्यात भरवशाचा वाटतो. दिसायला रंगीबेरंगी नाही, म्हणून कार्यशाळांत कमी दिसतो एवढंच.

आता साहेबांचं काय करायचं? हा प्रश्न तुम्ही विचारला नाही, पण तुमच्या वर्णनात तो जागोजागी आहे. प्लांट हेड आधी बोलले की पुढे सगळे त्यांच्या बोलण्याभोवती फिरतात. त्यांचा स्वभाव कितीही चांगला असो, खुर्चीचा हा परिणाम असतोच. त्यांना बैठकीतून वगळा असं मी म्हणणार नाही. त्यांच्याशिवाय घेतलेल्या बैठकीचं पुढे काही होत नाही, आणि तेही लोकांना माहीत असतं. मी त्यांचं काम दोन तुकड्यांत वाटते. सुरुवातीला पाच मिनिटं: काय ठरलेलं आहे, काय खुलं आहे, किती पैसे हातात आहेत. मग बाहेर. शेवटच्या पंचवीस मिनिटांना परत. तेव्हा त्यांनी भाषण करायचं नाही. वर आलेल्या तीन-चार मुद्द्यांवर प्रत्येकी एकच उत्तर द्यायचं: होय, नाही आणि का नाही, किंवा अमुक तारखेपर्यंत सांगतो. तारीख फळ्यावर त्यांनी स्वतः लिहायची. आधी त्यांच्याबरोबर अर्धा तास बसून हे पक्कं करा. बैठकीत मध्येच सुचवलं तर ते अवघडतील.

साहेबांना पटवायला एक अभ्यास उपयोगी पडतो. एमी एडमंडसन यांनी १९९० च्या दशकात अमेरिकेतल्या रुग्णालयांत औषध देण्यातल्या चुका तपासल्या. अपेक्षा अशी, की चांगल्या चमूंत चुका कमी दिसतील. दिसलं उलटंच: चांगल्या चमूंत नोंदलेल्या चुका जास्त होत्या. तिथे चुका जास्त होत नव्हत्या, त्या सांगितल्या जात होत्या. तुमच्या बैठकीतून पहिल्यांदा रिजेक्शनची खरी कारणं बाहेर येतील तेव्हा आकडे बिघडल्यासारखे दिसतील. साहेबांना हे आधी सांगून ठेवा, नाहीतर नेमक्या त्या महिन्यात बैठक बंद होईल.

शिकण्याच्या भागाबद्दल थोडं. एकमेकांकडून शिकणं आणि सुधारणांचा निर्णय घेणं ही दोन कामं तुमच्या बैठकीत एकत्र झाली आहेत, ती वेगळी करा. यासाठी मला गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावाची रीत नेहमी आठवते. तिथे अभ्यासगट असतात. त्यांत विषय खोलवर समजून घ्यायचा, बाहेरच्या जाणकाराला बोलवायचं, वाद घालायचा. निर्णय मात्र अभ्यासगट घेत नाही, तो ग्रामसभा सर्वसहमतीनं घेते. निर्णयाचं ओझं नसलं की माणूस ‘मला हे कळत नाही’ असं म्हणू शकतो. कारखान्यात सर्वसहमतीनं निर्णय होणार नाहीत, तिथली रचनाच वेगळी आहे. पण शिकण्याची बैठक आणि ठरवण्याची बैठक वेगळी ठेवणं तिथेही जमतं, आणि दोन्ही सुधारतात.

सुपरवायझरांच्या शिकण्यासाठी मी तिघांचा गट वापरते. एकजण आपली अडचण दोन मिनिटांत सांगतो, उदाहरणार्थ ‘नवा मुलगा माझं ऐकतो, पण रात्रपाळीत पुन्हा आपल्याच पद्धतीनं करतो.’ बाकीचे दोघे खुलाशापुरते प्रश्न विचारतात. मग अडचण सांगणारा त्यांच्याकडे पाठ करून बसतो आणि ते दोघे चार-पाच मिनिटं त्याच्या अडचणीवर आपसात बोलतात. त्यानं मध्ये बोलायचं नाही, फक्त ऐकायचं. शेवटी वळून काय उपयोगी वाटलं तेवढं सांगायचं. पाठ करायची गोष्ट विचित्र वाटते, पण तीच कामाची आहे. समोरासमोर असलं की माणूस प्रत्येक सल्ल्याला ‘ते करून बघितलंय’ म्हणत राहतो. सुपरवायझरांना एरवी ऐकून घेणारं कोणी नसतं, म्हणून हे त्यांना मनापासून आवडतं.

ऑपरेटरांचं शिकणं मात्र शक्यतो ट्रेनिंग रूममध्ये ठेवू नका. डाय कशी पुसायची, लेडलनं (पळीनं) किती धातू घ्यायचा, हे हाताला माहीत असतं, तोंडाला सांगता येत नाही. मशीन थांबलेलं असताना सहा-सात जणांना तिथे न्या आणि दोघा अनुभवी माणसांना तेच काम आपापल्या पद्धतीनं करून दाखवायला सांगा. फरक कुठे दिसला, एवढंच बाकीच्यांना विचारा. बोलणं मग थांबवावं लागतं.

आणि डाय बदलणं, मोठं ब्रेकडाउन असं काही झाल्यावर पंधरा मिनिटं उभ्यानं चार प्रश्न: काय व्हायला हवं होतं, काय झालं, फरक का पडला, पुढच्या वेळी काय तसंच ठेवू आणि काय बदलू. अमेरिकी लष्करातून आलेली ही रीत आहे. तिथेही हुद्दा बाजूला ठेवून बोलणं अपेक्षित असतं.

एक काळजीही बोलून दाखवते. आपल्याकडे १९८० साली हैदराबादच्या भेलमध्ये (भारत हेवी इलेक्ट्रिकल्समध्ये) क्वालिटी सर्कल, म्हणजे आपल्या कामातल्या अडचणी स्वतः सोडवणारे कामगारांचे छोटे गट, सुरू झाली, जपानमध्ये ती १९६२ पासून होती. पुढे पुण्याच्या पट्ट्यातही खूप ठिकाणी आली. जिथे ती मरगळलेली मी पाहिली आहेत, तिथे लोक कमी पडले नव्हते. तिथे सर्कलचं काम म्हणजे स्पर्धेसाठी सादरीकरण बनवणं झालं होतं, आणि शॉपफ्लोअरवर काय बदललं हे विचारणारं कोणी उरलं नव्हतं. तुमच्या बैठकीचे फोटो मुख्य कार्यालयाला आवडायला लागतील, तेव्हा सावध राहा.

तेव्हा पुढच्या बैठकीपुरतं एवढंच करा. कूलर आणि लॉकरचं उत्तर आधी फलकावर. साहेबांशी अर्धा तास. प्रश्न एकच: ‘नवा मुलगा पहिल्या दिवशी कुठे चुकेल?’ तीन मिनिटं एकट्यानं, मग जोडी, मग चौघे, गटाचा एक कागद. खासगी निवड, मग ठिपके. शेवटी साहेब आणि तारखा. दुसरं काही नवं आणू नका. याच क्रमानं तीन-चार महिने गेले की लोकांना तो पाठ होईल.

तेव्हा बैठक एखाद्या लाइन लीडरच्या हातात द्या. सगळ्यात छान बोलणारा निवडू नका. प्रश्न विचारून उत्तर येईपर्यंत थांबू शकणारा निवडा, अशी माणसं प्रत्येक शिफ्टमध्ये एक-दोन असतात. आदल्या दिवशी त्याच्याबरोबर बसून प्रश्न ठरवा, मार्कर आणि कागद त्याच्याकडे द्या, आणि बैठकीत तुम्ही मागे बसून वेळ तेवढी सांभाळा.